राजाचा धर्म, आरतीची चाल

दहावीत मी युरोपातल्या धर्माच्या लढाया घोकत होते. देव एकच, पण प्रार्थना कशी करायची यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या लढली. शेवटी ठरलं, राजाचा धर्म तोच प्रजेचा. मला भयंकर राग आला. एवढंच ठरवायला इतकी माणसं मारली?

मग आमच्या टोकरखाड्याच्या कॉलनीत गणपती आले. घरोघरी आरतीला जाताना चाल पुणेरी की खानदेशी, यावरून खडोलीच्या कारखान्यातले साहेब आणि कामगार हमरीतुमरीवर आले. मीच ठसक्यात तोडगा सांगितला: ज्याचं घर, त्याची चाल. सगळ्यांना पटला.

दुसऱ्या दिवशी मंडळी आमच्याकडे जमली. पुण्याच्या बाबांनी निरांजन उचललं आणि जळगावच्या आईकडे बघत हळूच विचारलं, "कुठली म्हणू?"