पोत्यावरची गार बैठक

काल मीरा रोडच्या वाण्याकडे जाड्या मिठाचं ओलसर पोतं उघडं पडलं होतं. त्या खारट वासासरशी मी खारी गावातल्या आमच्या चाळीच्या ओट्यावर जाऊन बसले. ओट्यावर कसली, आइस्क्रीमच्या पॉटवर!

मे महिना होता, मामामंडळी यायची होती. फिरवताना पॉट हलू नये म्हणून त्यावर पोतं टाकून मला बसवलं होतं. दांडा फिरवता फिरवता बाबांनी भोवतीच्या बर्फात मूठमूठ मीठ टाकलं आणि बर्फ भराभर वितळायला लागला.

"अहो, पाणी होतंय सगळं! पाहुण्यांना आता काय देऊ?" आई वैतागली.

मला मात्र खालून हुडहुडी भरत होती. "बाबा, बर्फ वितळतोय, मग मला जास्त गार का लागतंय?"

"ते काय मला ठाऊक नाही गं. पण दांडा जड होतोय, म्हणजे आत जमतंय. उठू नकोस!"

आता कॉलेजात मीच रसायनशास्त्र शिकवते. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली वितळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो, हे मुलांना सांगते. थोडी माझ्यातूनही ओढली असणार. कारण फळ्यावर गोठणबिंदूची रेघ शून्याखाली उतरली, की उभ्या उभ्या अजूनही माझ्या बुडाला गार लागतं.