मोठ्या बाबांचा मांडव

चंद्रपूरला नेताना मोठे बाबा वाटेतच गेले, असा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अहेरीच्या पुढच्या आमच्या लहानशा गावात त्यांचा मांडव-बिछायतीचा धंदा होता, आणि तिथल्या नगरपंचायतीचे ते अध्यक्षही होते. छातीत कळ आली तेव्हा गावच्या दवाखान्यात मोठा डॉक्टर नव्हता. ती जागा कित्येक वर्षं रिकामी. ती भरावी म्हणून येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यापुढे मोठे बाबा हात जोडून उभे राहत. त्या जोडलेल्या हातांचा मला अजून राग येतो.

गावात कुणाकडे मयत झाली की निरोपाची वाट न बघता त्यांची गाडी दारात जायची. ताडपत्री, खुर्च्या, पाण्याची पिंपं. एकदा मीही सोबत होते. इंग्रजी शाळेतली, अवघडलेली, खुर्ची हातात धरून दारातच अडलेली.

"काऊन वं मॅडम, लाजून राह्यली का?" ते हसले. मग हळू आवाजात, "कुर्ची ठेव फक्त. इथी बोलाचं काम नाई."

त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र मांडव पडलाच नाही. त्यांची मांडवाची माणसं रडत बसली होती, आणि दुसऱ्या कुणाला ते काम आपलं वाटलं नाही. अख्खं गाव उन्हात उभं होतं…

शोकसभेला मात्र मांडव होता. त्यांचाच. त्यांच्याच खुर्चीवरून उठून एका पुढाऱ्याने जाहीर केलं, चंद्रपूरच्या रस्त्यावर मोठ्या बाबांच्या नावाची भव्य कमान उभारू. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! ज्या रस्त्यावर माणूस तडफडून गेला, त्याच रस्त्यावर कमान! मी उभी राहिले. 

"कमान नको. डॉक्टर कधी येणार?"

"बेटा, ही वेळ राजकारणाची नाही," साहेब माईकमधून म्हणाले.

तेव्हा मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, उठली. "पोरीनं इचारलं त्याचं उत्तर द्या ना भाऊ."

साहेबांनी माईक खाली ठेवला. ती मांडवाच्या माणसांकडे वळली. "उचला रे कुर्च्या."

माणसं घुटमळली. मग मागच्या रांगेपासून लोक आपणहून उठू लागले, खुर्च्या एकात एक बसू लागल्या. पुढच्या रांगेपर्यंत काम आलं तेव्हा साहेब गाडीत बसले होते.

डॉक्टर अजून आलेला नाही. परवा मोठ्या आईचा फोन होता. कमानीच्या भूमिपूजनासाठी मांडव मागायला माणूस आला होता म्हणे.

"मंग?" मी विचारलं.

"नाई म्हटलं त्याले. तलावापल्याड एक म्हातारी गेली, गाडी तिकडं धाडली."