पहिली ओळ त्यांची

संगणकाविषयी पुस्तकं लिहिणारे दोन लेखक ऐंशीच्या दशकात आमच्या बेटावर, फिनिक्स गावच्या एका सभागृहात आले होते. पुस्तकवाल्यांचं मला भारी अप्रूप, म्हणून माझ्या गावाहून, रोझ बेलहून, बसनं गेले. बघते तर दोघे फ्रेंचमध्ये तावातावानं भांडत होते: प्रोग्रॅम लिहून तो सगळ्यांना फुकट, उघडा वाटायची रीत आधी कुणी पाडली? टक्कलवाला म्हणे विद्यापीठांनी. दाढीवाला म्हणे घरोघरच्या हौशी पोरांनी. जणू दोघे त्या रीतीच्या बारशाला जेवून आले होते!

दाखला म्हणून दाढीवाल्यानं एक प्रोग्रॅम पडद्यावर आणला. गाण्यांच्या असतात तसल्या कॅसेटींवर भरून हातोहात फिरत त्याच्याकडे आलेला, देवनागरी अक्षरं काढणारा. "कुणी लिहिला, कुणालाच ठाऊक नाही," तो कौतुकानं म्हणाला. पहिली, दहा नंबरची ओळ रिकामी होती, आकड्यापुढे काहीच न करणारं नुसतं ':' चिन्ह.

तो प्रोग्रॅम माझ्या भावाचा होता. आमच्या मराठी वर्गासाठी त्यानं लिहिलेला. जेवताना आई पहिला घास पितरांसाठी बाजूला काढायची, तशी तो प्रत्येक प्रोग्रॅमची पहिली ओळ मोकळी सोडायचा. "पयली त्यांची, मंग आपली," म्हणायचा. पुढे सूयाकच्या किनाऱ्यावर समुद्रानं त्याला ओढून नेलं. देह सापडलाच नाही. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत कीबोर्डच्या कळांची टकटक ऐकू येतेय असा मला भास व्हायचा. दार वाजलं की आधी त्याचंच नाव तोंडात यायचं.

"मो फ्रेर ति एक्रिर सा!" मी उठून क्रेओलमध्ये ओरडले. माझ्या भावानं लिहिलंय हे! त्या रिकाम्या ओळीचं सगळं सांगितलं. निदान ती तरी तशीच राहू द्या, म्हटलं.

टक्कलवाल्यानं हळूच विचारलं, "देताना त्यानं काही अट घातली होती?"

नव्हती घातली. "घे, पायजे तसा बदल," म्हणतच तो कॅसेटी वाटायचा. खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"मग ती ओळ कुणीही काढू शकतो," दाढीवाला म्हणाला. माणूस वाईट नव्हता, वादाच्या भरात होता. त्यानं नुसता दहा आकडा टाइप केला, एंटर दाबलं; ओळ पुसायची हीच रीत. ओळ गेली. मग प्रोग्रॅम चालवला.

अ उमटला. आ उमटला. त्या ओळीवाचून कुठेतरी अडेल या आशेनं मी जीव मुठीत धरून बघत होते. सगळी अक्षरं आली, एकही अडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यापुरता माझा भाऊ त्या दुपारी बुडाला.