अर्ध्या डोसाचे मामाजी

औषधावर आमच्या सासऱ्यांइतका विश्वास आणि औषधाच्या पूर्ण डोसावर त्यांच्याइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या साकोली तालुक्यात दुसरा झाला नसेल. मी त्यांना मामाजी म्हणत असे. सानगडीला त्यांची धानाची शेती, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या बांद्या. डॉक्टरांनी आठवड्याच्या कॅप्सूल दिल्या की दोन-तीन दिवसांत ताप उतरायचा आणि उरलेल्या कॅप्सूल सुपारीच्या डब्यात जायच्या. कोणी हटकलं तर म्हणत, "धान कापल्यावर बांदीत पानी कायले ठेवाचं?" त्या डब्यावर मग घरदार जगायचं. पेंगणाऱ्या कोंबडीला कॅप्सूल फोडून पूड पाजली जाई, बैलाच्या खांद्यावरच्या जखमेवर तीच भुरभुरली जाई. एका वर्षी धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, पिवळे पडले, तर त्यांनी लाल-पिवळ्या कॅप्सूल पाण्यात कालवून रोपांवर शिंपडल्या. पऱ्हे सुधारले, ते बहुधा मागाहून टाकलेल्या खतानं, पण श्रेय कॅप्सूललाच गेलं.

डब्याचा पहिला मान जावयाचा. जावई म्हणजे मी, बी.एस्सी., साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. अर्धवट औषधातून जे जंतू वाचतात ते पुढे त्या औषधाला जुमानत नाहीत, हे मी रंगीत खडूंनी असं काही रंगवून सांगे की शेवटच्या बाकावरचेही जागे राहत. आणि शनिवारी सासुरवाडीच्या ओसरीवर जरा खोकलो की मामाजी डबा घेऊन हजर. "घ्या जवाईबापू, तुमच्यासाठीच ठेवली होती." मी माझ्या विज्ञानासकट ती गिळत असे. समोर पोहे असायचे, आणि सासऱ्यासमोर तोंड उघडायचं ते खायलाच, हा माझा बाणा. बायको म्हणे, "शाळेत वाघ, अन् इथं काहून शेळी होऊन राहिले?"

पुढे ऐंशीच्या दशकात मामाजींच्या पोटातला अल्सर फुटला. नागपूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि अतिदक्षता विभागात असतानाच फुप्फुसात जंतू शिरले. तोंडात नळी, उशाशी श्वासाचं यंत्र. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप हलेना. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "हा जंतू आमच्या वॉर्डातलाच आहे. नेहमीची औषधं पचवून बसलाय. गावोगाव लोक अर्धी अर्धी खातात, आम्हीही उठसूट लिहून देतो. आता एक नवीन इंजेक्शन उरलंय. ते लागू पडलं तर वाचतील." आणि नाही पडलं तर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. फळ्यावर मी त्या जंतूंना हिरवा रंग देत असे, मुलांना हसवायला मिशासुद्धा काढत असे. बाहेरच्या बाकावर ते आठवलं आणि मला रडूच फुटलं.

इंजेक्शन लागू पडलं. नळी निघाल्यावर मामाजींचं पहिलं वाक्य, क्षीण आवाजात, "ताप गेला ना? आता बस. बाकीचे इंजेक्शन घरी न्या, तुमाले सर्दी झालेली दिसते."

"नाही मामाजी! पुरा डोस घ्याच लागते!" माझा आवाज असा चढला की नर्स धावत आली.

"तुमी मले दटावून राहिले, जवाईबापू?"

"हो," मी म्हणालो, आणि खाटेची कड धरली.

मामाजी वाचले. घरी गेल्यावर सुपारीचा डबा त्यांनी स्वतःच परसात खड्डा करून रिता केला. मला वाटलं, चला, विज्ञान जिंकलं. पण ओसरीवर मी खोकलो की मामाजी अर्धवट उठत आणि पुन्हा बसत.

त्याच हिवाळ्यात मला ताप भरला, तर ते बसनं साकोलीला आले. खाटेशी बसले, कपाळाला हात लावला, मग तो हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. "आता तुमाले द्याले माझ्यापाशी काहीच नाही ना जी," ते म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून घेत होतो ते औषध नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं.

"बसा नं मामाजी," मी म्हणालो.

ते बसले. कपाळावरची ओली पट्टी बदलत राहिले, आणि सानगडीची शेवटची बस गेली तरी उठले नाहीत.