साधारण एक कवटी

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, उपासना सुटल्यावर, छावणीतल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत टेबलावर चाळीस टी-शर्टांचा गठ्ठा ठेवला गेला. दर दोनशे दहा, एकूण आठ हजार चारशे रुपये. हजर माणसं सात : पाळकसाहेब, कमिटीचे चार सभासद, खजिनदार म्हणून मी, आणि शर्ट छापून आणणारे माझे साडू. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी तरुण संघाची फेरी निघते, तिच्यासाठी ऑर्डर दिली होती पांढऱ्या शर्टांची, छातीवर कबुतर. आलेले शर्ट काळे होते आणि छातीवर कवटी होती. कवटीच्या वर वधस्तंभ, खाली लाल अक्षरांत 'कवटीची जागा', आणि कवटीला वर आठ, खाली आठ असे सोळा दात. मी मोजले. माझ्या साडूंइतका वैताग देणारा माणूस या शहरात दुसरा नसेल, आणि हे शहर मी औरंगाबाद होतं तेव्हापासून ओळखतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. फ्लेक्स आल्यावर ब्रश बसला, तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत टी-शर्ट छापायला सुरुवात केली. अक्षर मोत्यासारखं, पण चित्र काढायला सांगितलं की घात. त्यांनी कोकरू काढलं की त्याचं कुत्रं होतं. एका नाताळच्या नाटकासाठी त्यांनी मेंढपाळांचा पडदा रंगवला, तो वर गेल्याबरोबर पुढच्या रांगेतलं एक पोर भुंकलं आणि मग अख्खी रांग भुंकली. त्यांच्या प्रत्येक देवदूताला माझ्या मेव्हणीचा चेहरा असतो, आणि तो देवदूत कायम थोडा रागावलेला असतो. एकच चित्र त्यांना निर्दोष जमतं, ते म्हणजे कवटी. विजेच्या डीपीवर 'धोका' लिहिलेली, कवटी आणि दोन हाडांची लाल पाटी असते, तशा पाट्यांचं काम त्यांना वर्षानुवर्षं एका ठेकेदाराकडून मिळत असे. खुलताबादच्या घाटापासून लासूर स्टेशनपर्यंत जुन्या डीप्यांवरची बरीचशी हाडं त्यांच्या हातची आहेत. एकदा लासूर स्टेशनला लग्नाला जाताना त्यांनी माझी गाडी तीन ठिकाणी थांबवली. आम्हाला खाली उतरवून, बोट दाखवून म्हणाले, “हा जबडा बघा. असा जबडा आता कोण काढतंय?” आम्ही मांडवात पोचलो तेव्हा वधू-वर जेवायला बसले होते. बायकोनं येताना वाटेत एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

मला त्यांचा खरा त्रास होतो तो मात्र 'साधारण' या शब्दाचा. मी जिल्ह्याच्या कचेरीत लेखा विभागात आहे. माझं पोट आकड्यावर चालतं आणि साडूंचं साधारणवर. कधी येता? साधारण सकाळी. खर्च किती? साधारण होईल. मोजपट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही, सगळं वीतभर, हातभर. आमच्या फाटकासाठी त्यांनी प्रेमानं नावाची पाटी करून दिली, ती फाटकापेक्षा चार इंच रुंद निघाली. आजही ती दोन्हीकडून दोन-दोन इंच बाहेर डोकावते आणि दूधवाल्याची कॅन तिला रोज लागते. मी बोललो तर म्हणाले, “नाव मोठं झालं ना तुमचं? मग?” हिशेब विचारला की त्यांचं ठरलेलं वाक्य आहे : “साडूसाहेब, तुम्ही स्वर्गाच्या दारात पण पावती मागाल.”

आता त्या कवटीमागची गोष्ट सांगायला हवी, कारण ती खोलीतल्या सातही जणांना ठाऊक होती आणि कोणीच तोंडावर आणत नव्हतं. साडूंना एक मुलगा आहे. कॉलेजात असताना त्यानं पैठण गेटच्या एका हातगाडीवरून काळा टी-शर्ट घेतला. त्यावर कवटी होती आणि डोळ्यांतून ज्वाळा निघत होत्या. एका रविवारी तोच घालून तो चर्चला आला. दारात गीतांची पुस्तकं वाटायला साडू उभे असतात. सगळ्या मंडळीदेखत ते म्हणाले, “हे काय घातलंय? घरी जा, बदलून ये.” पोरगा घरी गेला. बदललाही असेल. पण परत आला नाही, त्या रविवारी नाही आणि त्यानंतरच्या कुठल्याच रविवारी नाही. भांडण नाही, अबोला नाही. तो वाळूजच्या कंपनीत आहे, घरात पगार देतो, बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. फक्त रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली की अंगणात गाडी धुवायला बसतो. नळाला पाणी आठवड्यानं येतं, तरी छावणीत त्याच्याइतकी स्वच्छ मोटारसायकल नाही. तो शर्ट मेव्हणीनं फरशी पुसायला घेतला. साडू ओल्या फरशीवरून जाताना त्या कवटीकडे बघायचे, हे मी स्वतः पाहिलंय. ती पुसट होत होत गेली. तेव्हा चाळीस शर्ट छापले खरे, पण ते एकानं घालावेत म्हणून छापले होते.

कमिटीत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, कारण आम्हा सगळ्यांना संडे स्कूलला त्यांनीच शिकवलं. त्यांनी एक शर्ट दोन बोटांत धरून वर केला.

“हे काय आहे?”

“कवटी,” साडू म्हणाले.

“ती दिसतेय मला. का आहे?”

“गुलगुथा म्हणजे काय, मॅडम? तुम्हीच शिकवलंत.”

“प्रभूला जिथं खिळलं ती, कवटीची जागा.”

“मग मी जागा काढली.”

“अरे, जागा काढायची तर टेकडी काढावी.”

“टेकडी मला जमत नाय.”

“ऑर्डर पांढऱ्याची होती,” मी म्हणालो. “काळे का आणले?”

“कवटी पांढरी. पांढऱ्यावर पांढरी दिसते का, साडूसाहेब? तुम्ही हिशेब बघा.”

पाळकसाहेब मऊ बोलतात. ते म्हणाले, शुक्रवारी आपल्याला बघून रस्त्यावरच्या माणसाचं मन द्रवावं, त्यानं दचकून बाजूला होऊ नये.  साडू म्हणाले, “पाळकसाहेब, माणूस खिळे ठोकून मारायचं लाकूड आपण सोन्यात घडवून पोरींच्या गळ्यात घालतो. त्यानं कोणी दचकत नाय. माझ्या कवटीनंच काय बिघडवलं?”

मुद्दा बिनतोड होता.  पण बिनतोड असणं म्हणजे पटणं नव्हे. माझं मत साधं आहे, मी तेव्हाही सांगितलं : ज्या कपड्याचा अर्थ समजावायला कपड्याबरोबर माणूस पाठवावा लागतो, तो कपडा देवाच्या कामाला नको. ठराव झाला, शर्ट फेरीत चालणार नाहीत, मंडळीच्या खात्यातून पैसे मिळणार नाहीत, खाजगीत कोणाला घालायचे तर घालावेत. साडू गठ्ठा उचलत म्हणाले, “साधारण पटलंय सगळ्यांना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तरुण संघातल्या चौघांना पटवलं. शुक्रवारच्या उपासनेची पत्रकं वाटायला ते चौघे ते शर्ट घालून पडेगावच्या एका वसाहतीत गेले. नेमकी त्या दिवशी तिथं सकाळपासून वीज नव्हती, आणि एप्रिलचं ऊन. कवटीची पाटी छातीवर लावून आलेली चार धट्टीकट्टी पोरं बघितल्याबरोबर अख्खी गल्ली बाहेर आली. एका रिक्षावाल्यानं त्यांना अडवलं, “मियाँ, कब आयेगी लाइट? बच्चे रो रे घर में.” एका म्हातारीनं एकाचं मनगट धरलं ते थेट डीपीपर्यंत सोडलं नाही. म्हणाली, “आत्ता उगवताय व्हय? सकाळपासून फोन लावून बोटं झिजली.”

“आजी, आम्ही चर्चचे आहोत,” तो म्हणाला.

“चर्चचे असा नायतर मशिदीचे, आधी फ्यूज टाका.”

चौघे डीपीसमोर उभे राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. कोणीतरी चहा आणला. अर्धा कप झाला नसेल तोवर वीज आपोआप आली. म्हातारीनं चौघांच्या तोंडावरून हात फिरवला आणि पत्रक बिल समजून कनवटीला खोचलं. संध्याकाळी चौघांनी शर्ट धुऊन साडूंना परत केले. एकजण म्हणाला, “काका, हा घातला की लोक प्रभूबद्दल नाही, बिलाबद्दल विचारतात.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. साडूंनी शर्ट उजेडात धरला, बारकाईनं पाहिला आणि समाधानानं म्हणाले, “म्हणजे कवटी अगदी बरोबर उतरलीय.”

शुक्रवार आला. आदल्या रात्री त्यांनी एक शर्ट घडी घालून मुलाच्या गाडीच्या सीटवर ठेवला होता, हे मेव्हणीनं माझ्या बायकोला सांगितलं. सकाळी फेरी निघाली, पोरं घरच्या पांढऱ्या कपड्यांत. मुलगा आला नाही. दुपारी बाराला प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना. सगळी मंडळी पांढऱ्यात, आणि दारात पुस्तकं वाटत, कवटीचा शर्ट घालून, माझे साडू. मॅडमनी पुस्तक घेतलं, चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि आत गेल्या. पाळकसाहेबांनी पहिला उद्गार सुरू केला तरी साडू बाहेर उन्हातच उभे. मी बोलवायला गेलो.

“साडूभाऊ, आत चला. डोकं तापेल.”

“साधारण पाच मिनिटं.”

मी त्यांच्या शेजारी थांबलो. चिडलो होतो, पण थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाच मिनिटांची पंधरा झाली. आत गीत सुरू झालं आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून ती चकचकीत मोटारसायकल वळली.

मुलगा उतरला. पांढराशुभ्र, पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. तो पायऱ्या चढून वर आला, बापाच्या छातीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, “पप्पा, हे काय घातलंय?”

 कमिटीला, पाळकसाहेबांना, मला, जगातल्या प्रत्येकाला ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं, त्या साडूंनी मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.

“घरी जाऊन बदलून या,” मुलगा म्हणाला.

“तू थांबशील?”

“थांबतो. गाडी घेऊन जा.” त्यानं किल्ली पुढं केली. “आणि ही पुस्तकं द्या इकडं.”

साडू गेले. मुलगा दारात पुस्तकं घेऊन उभा राहिला, उशिरा आलेल्या दोघांना त्यानं पुस्तकं दिली. आत जाऊन बसावं की नाही, मला कळेना. गेलेला माणूस परत येईल ना, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला, तो त्या दाराला पूर्वी एकदा पडून गेला होता. तिसऱ्या उद्गाराला साडू आले. पांढरा शर्ट, घाईत एक बटण चुकलेलं. मुलानं ते दारातच नीट लावून दिलं आणि दोघे शेवटच्या बाकावर बसले.

उरलेले अडतीस शर्ट पाट्यांचं काम देणाऱ्या जुन्या ठेकेदारानं त्याच्या लाइनमनांसाठी घेतले. त्याला चित्र फारच आवडलं. वरच्या वधस्तंभाला तो प्लस समजला होता. म्हणाला, “वर प्लस, खाली धोका, एकदम बराबर आहे.” साडूंनी त्याला त्या चिन्हाचा खरा अर्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दर दहा रुपयांनी पाडला. अडतीस गुणिले दोनशे, सात हजार सहाशे, रोख. चिन्ह ठेवून घेतलं म्हणून साडू खूष. लासूरकडं जाताना आता खांबांवर चढलेली माणसं बघितली की मी गाडी हळू करतो, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

मुलगा ईस्टरला आला. पुढच्या रविवारी नाही आला. मेव्हणी कोणाला काही विचारत नाही. माझ्या बायकोनं मात्र मला विचारलं, “येतो का हो आता तो?” आणि मी, ज्यानं आयुष्यात असं उत्तर कधी दिलं नाही, म्हणालो, “साधारण.”

सीटवर ठेवलेला शर्ट त्यानं ठेवून घेतला. गाडी धुताना तोच घालतो, आणि धुणं आता घंटेच्या आधी उरकतं. त्या शर्टाचे पैसे त्यानं बापाच्या हातावर ठेवले. ठेकेदाराला दिला त्याच भावानं, दोनशे. साडूंनी घेतले. मी चकित झालो, कारण घरच्यांकडून त्यांनी कधी रुपया घेतलेला नाही. नंतरच्या रविवारी मुलाला कंपनीत पहिली पाळी होती, साडू एकटेच आले. उपासनेनंतर मी मागच्या खोलीत दान मोजत बसलो होतो, तिथं येऊन त्यांनी दोनशेची नोट टेबलावर ठेवली.

“पावती द्या.”

मी वर पाहिलं. “कोणाच्या नावानं?”

“पोराच्या.”

आमच्या पावतीवर तीन रकाने छापलेले आहेत : साधारण दान, देवाचे आभार मानायचं ते उपकारस्तुतीचं दान, इमारत निधी. मुलाचं नाव लिहून मी सवयीनं पहिल्या रकान्यावर खूण करायला पेन टेकवला. साडूंनी माझा हात धरला.

“साधारण नाय,” ते म्हणाले.

मी दुसऱ्या रकान्यावर खूण केली. रुपये दोनशे फक्त, मंडळीस पोचले.