भांडायला हक्काचं माणूस

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढी माणसं राहतात, त्यांतल्या प्रत्येकाशी निदान एकदा भांडल्याशिवाय आमच्या घरमालकीणकाकी स्वस्थ बसायच्या नाहीत, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तळवली गावात जिथं त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं होती, तिथं आता त्यांची चार मजली बिल्डिंग उभी आहे. तळमजल्यावर काकी, आणि वर आम्ही भाडेकरू. काकी पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, आगरी. आम्ही मात्र दाही दिशांनी गोळा झालेलो. मी साताऱ्याकडचा, माझ्या समोर नांदेडचं बौद्ध कुटुंब, वर केरळची एक नर्स, आणि काकींच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, परभणीची नसीमभाभी. तिचा नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून आहे. इतक्या तऱ्हेची माणसं एका जिन्यात आल्यावर दुसऱ्या कुणी घरमालकिणीनं नियमांचा बोर्ड लावला असता. काकींनी प्रत्येक घराशी एक वेगळं भांडण लावून घेतलं.

नर्सशी मासळीवरून. ती मासे खोबरेल तेलात तळते हे कळलं त्या दिवशी काकी खालूनच ओरडल्या, “म्हावरं तलतंस का त्याची वेनी घालतंस गो?” दुसऱ्या दिवशी आपला घरचा मसाला तिला नेऊन दिला, आणि तो किती घालायचा यावरून परत भांडल्या. नांदेडकरांशी बुद्धपौर्णिमेच्या खिरीवरून, कारण ती सकाळी यायला हवी होती आणि दुपारी आली. माझ्याशी चपलांवरून. दाराबाहेरचा ढीग बघून त्यांनी मला विचारलं होतं, “सायबा, तुला पाय किती हायत रं?” बरं, हे सगळं अरे-तुरेत. काकी कलेक्टरलासुद्धा ‘तुम्ही’ म्हणणार नाहीत. दिवेलागणीला मात्र भांडण बंद. तुळशीपाशी दिवा लावला की सकाळी ज्याच्या नावानं शंख केला त्यालाच हाक मारून विचारायच्या, “जेवलास का?”

पण ही सगळी किरकोळ भांडणं. काकींचं खरं, बिनीचं भांडण नसीमभाभीशी. काकी अंगणात साडी पसरून सुकट वाळत घालणार, नसीमभाभी वरच्या गॅलरीत धुणं टाकणार, आणि पाणी टपटप त्या सुकटीवर पडणार. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तो भिजला की गेलाच. काकींनी खालून तोंड सोडलं की भाभी कठड्यावर येऊन म्हणायची, “अंगण एवढं मोठं आहे काकी, माझ्याच गॅलरीखाली का घालता?” “माझा आंगन हाय, मी कुठं पन घालीन!” मग तासभर करमणूक. सुकट सरकवण्याची किंवा धुणं पिळून टाकण्याची कल्पना दोघींनाही सुचली नाही असं नाही. सुचली असणारच. पण मग भांडायचं कशावरून? “पोरीची जीब चांगली हाय,” असं काकी तिच्या माघारी कौतुकानं सांगत.

मग एकदा शेजारच्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या वसाहतीत, मिरवणूक आणि भोंगा यांवरून राडा झाला. दगड पडले, दोन-चार डोकी फुटली, नाक्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली, आणि सगळ्यांचे मोबाईल नको नको त्या व्हिडिओंनी भरून गेले. काकी तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लेकीकडे उरणला होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. सगळे एकमेकांशी भयंकर सभ्य वागू लागले. कालपर्यंत “भाभी, गॅस सिलेंडर जिन्यात काय ठेवलाय?” म्हणून ओरडणारे आता “असू दे, असू दे, आपली काही हरकत नाही” म्हणत भिंतीला चिकटून वर जायचे. जिन्यात ‘आपण’ ऐकू यायला लागलं. नसीमभाभी हसायची, तीही तोंडापुरतं. तिच्या नवऱ्यानं गुपचूप मुंब्र्याला, आपल्या समाजाच्या वस्तीत, खोली बघितली. मला भेटला तेव्हा म्हणाला, “इथं कुणी काही बोललं नाही हो. पण बोलतच नाही ना कुणी.”

काकी परतल्या त्या डोळ्याला काळा चष्मा लावून. अंगणात उभ्या राहिल्या, कान टवकारले आणि मला म्हणाल्या, “कोन मेला काय रं? इतका गप?” मी त्यांना राड्याचं सांगितलं, मुंब्र्याच्या खोलीचंही. गावातल्या कुणीतरी त्याच संध्याकाळी “त्यांना कशाला ठेवलंय?” असा विषय काढला, तेव्हा “माझे भांडनात तू कोन रं?” एवढं म्हणून त्याला वाटेला लावलं.

सकाळी त्यांनी नसीमभाभीच्या गॅलरीखाली साडी पसरली, सुकट घातली आणि बाजूला मांडी ठोकून बसल्या. वरून थेंब पडेना. पडणार कुठून? दोरी रिकामी होती. काकींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग इकडे तिकडे बघितलं, जवळचा तांब्या उचलला आणि आपल्याच हातानं सुकटीवर पाणी शिंपडलं. मी वर ब्रश करत उभा होतो, माझ्या डोळ्यांदेखत! आणि मग जो आवाज लावला म्हणता, “अगो ए! भिजवलीस ना माझी सुकट!”

नसीमभाभी धावत कठड्याशी आली. “मी कपडे टाकलेच नाहीत काकी!”

“मंग काय आभाल गलला? डोल्याचा आपरेशन झालाय, आंधली नाय झाले मी!”

“खोटं बोलू नका!” भाभीचा आवाज चढला. “इतके दिवस घरात पंख्याखाली सुकवतेय मी कपडे! पोरीला अर्धवट ओला युनिफॉर्म घालून पाठवतेय! कुणाला काही बोलायला जागा नको म्हणून! आणि हे सगळे नुसते हसतात माझ्याकडे बघून. भांडा ना! काय ते तोंडावर बोला ना!”

धडाधड दारं उघडली. माझी बायको गॅलरीतून म्हणाली, “काकी, भाभी खरं बोलतेय, दोरी रोज रिकामीच असते.” नर्स वरून वाकली. “पाणी वरून नाही आला काकी. सुकट ओला, भिंत सुका.”

“तू म्हावऱ्यातला मना सांगू नको!” काकी गरजल्या.

“जातोय आम्ही,” नसीमभाभी म्हणाली. “मुंब्र्याला. मग वाळवा सुकट आरामात.”

“जातंस? नि मंग मी भांडू कोनाशी?” काकींचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “ही सगली तं सॉरी बोलनारी मानसा!”

नसीमभाभी कठडा धरून खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. काकी चष्मा वर करून बघत राहिल्या. “रडू नको गो,” त्या म्हणाल्या. “रडतंस तं भांडन कसा व्हनार?” तोवर माझी बायको पायऱ्या उतरून तिच्याकडे पोचली होती, नांदेडच्या वहिनीही.

ते मुंब्र्याला गेले नाहीत. सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. अजूनही नाक्यावर ती गाडी येऊन थांबली की जिन्यातले आवाज हळू होतात, आणि भाभीचा नवरा मला खोल्यांचे भाव विचारतो. अशा दिवशी काकी सकाळीच भांडण काढतात. पण आता त्या थकल्या. दोन वाक्यं बोलल्या की धाप लागते, तिसरं ओठांवरच राहतं. मग नसीमभाभी पाण्याचा ग्लास घेऊन खाली येते, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत शेजारी बसते, धाप ओसरेपर्यंत थांबते आणि म्हणते, “हं काकी, बोला पुढं.”