शेवटच्या तारखेची माणसं

ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण नव्या माणसाला काही समजावताना सावकाश, दोनदोनदा सांगायची सवय होती. बावीस वर्षं ते एकाच कंपनीत रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहीत होते. बरोबरचे साहेब झाले. मास्तर खिडकीजवळच्या टेबलाशीच राहिले.

एका सकाळी एका रुग्णालयाच्या प्रोग्रामचा जुना कोड वाचताना त्यांना चूक सापडली. तपासणीत ज्यांचं काही संशयास्पद निघे, त्यांना परत बोलावण्यासाठी दर महिन्याला यादी निघायची, एक तारखेपासून एकतीसपर्यंत. पण ‘एकतीसपर्यंत’ म्हणजे एकतीस तारीख लागते त्या क्षणापर्यंत, असं कॉम्प्युटर धरत होता. त्या दिवशी सकाळी दहाला तपासून गेलेला माणूस ना या यादीत, ना पुढच्या महिन्याच्या. आणि हे सहा वर्षं चाललं होतं.

मास्तर आपल्या साहेबांकडे गेले. सहा वर्षांपूर्वी तेही मास्तरांच्या शेजारी बसून प्रोग्राम लिहीत.

“कोणाची तक्रार आलीय का?” साहेबांनी विचारलं.

“ज्यांना फोनच गेला नाही, ते कसली तक्रार करणार?”

“मग खाजवून खरूज कशाला काढायची? ओळ दुरुस्त करा. मागचं उकरू नका.”

मास्तरांनी ओळ दुरुस्त केली. ‘पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आधीपर्यंत’ असं लिहिलं, म्हणजे अख्खा शेवटचा दिवस आत आला. पण मागचंही उकरलं. सुटलेली दोनशे चौदा नावं काढून त्यांनी थेट रुग्णालयात पाठवली.

चार दिवसांनी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला. “बहुतेकांना बोलावलंय. अकरा घरी मात्र फोन दुसऱ्याच कोणी उचलला.”

“दुसऱ्याच म्हणजे?”

“नवऱ्याने, मुलीने. ज्यांना तो जायला हवा होता ते आता नाहीत.”



रुग्णालयाने जाब विचारला, तशी चौकशी बसली. त्या ओळीवर शेवटचा हात मास्तरांचा होता, तेवढंच समितीने पाहिलं. “मूळ ओळ साहेबांची आहे, जुन्या नोंदी काढा,” मास्तर म्हणाले.

साहेब शांतपणे म्हणाले, “माझीच. पण ती तपासून पास कोणी केली होती, मास्तर?”

मास्तरांनीच केली होती. एका शुक्रवारी, घाईत, न वाचता. त्याच आठवड्यात त्यांचा राजीनामा लिहून घेतला गेला, आणि कंपनीने रुग्णालयाला कळवलं की आमच्या दक्षतेमुळेच हा दोष उघडकीस आला.

“गप्प बसला असतात तर निवृत्तीपर्यंत सुखाने गेलं असतं,” बायको म्हणाली.

“सहा वर्षं गप्पच होतो की,” मास्तर म्हणाले, “फक्त ठाऊक नव्हतं.”

साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. मास्तर आता फारसं कोणाला काही समजावत नाहीत.